बारा तास कमी

नोंदणीच्या नूतनीकरणाला मला बारा तास कमी पडतात.
पाच वर्षांत दीडशे हवेत, भरलेत एकशे अडतीस.
कौन्सिलचा बाबू फोनवर म्हणाला,
"सिस्टर, बारा घंटे की ही तो बात है."
बारा तास म्हणजे माझी एक नाईट,
हँडओव्हरला कुणी उशिरा आलं तर.

म्हणून आज रविवारी, कंपूच्या नर्सिंग कॉलेजात
तिसऱ्या बाकावर, शाल घेऊन.
बाहेर धुकं इतकं की किल्लाच गायब,
लष्करातून टेम्पो दिवे लावून येतायत.

पडद्यावर शाखा येतात एकेक.
नवजात. हृदय. कर्करोग. मनोरुग्ण.
एकेका वर्षाचा डिप्लोमा, नोंदणी चालू असावी,
खाटेजवळचा अनुभव अमुक इतका.
क्रिटिकल केअरला दोन वर्षं, पण त्याला आधी बी.एस्सी.
पुढच्या बाकावरच्या मुली भराभर फोटो काढतात.
माझं जीएनएम, शहाण्णव सालचं.
माझी शाखा लीलाम्मा मेट्रननं ठरवली,
एका सकाळी, दारात उभं राहून:
"नाश्ता किया? अच्छा. उलटी करनी हो तो अभी कर ले."
आणि बर्न वॉर्डाचा पडदा बाजूला केला.

आज जळितांवर बोलणारी दुर्वा शितोळे.
दिल्लीहून डिप्लोमा करून आलीय, आवाज कमावलाय.
हिला पायाची शीर सापडत नव्हती तेव्हा
मनगट मी धरलं होतं हिचं,
कारण त्या बाईच्या दोन्ही हातांना
सुई टोचावी अशी कातडीच उरली नव्हती.
दुर्वा सांगते, रुग्णाचा स्वतःचा तळवा,
बोटांसकट, म्हणजे एक टक्का.
मी मान हलवते. आपलं अंग माणूस
आपल्याच हातानं मोजून निघतो,
हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं.

मग सातवा मुद्दा:
पट्टी सोडण्याआधी किती वेळ लागेल ते सांगा,
आणि मोठ्यानं आकडे मोजा.

हे माझं होतं.
मुरैन्याच्या रामसिरीनं शिकवलेलं मला.
ती म्हणायची, "जिज्जी, गिनत जाओ,
गिनती में दरद सीधा चलत है."
तीनशे दहापर्यंत पोचायचो आम्ही रोज.
एका सकाळी एकशे चाळीसला थांबलो.
दुर्वा तेव्हा ट्रे धरून शेजारी.
आता ते छापील आलंय, ठळक अक्षरांत.
मी वहीत उतरवून घेतलं,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखं, तारीख घालून.

काही शंका?

जानेवारीत शेगड्या पेटतात, पदर पेटतात, ते ठीक.
पण कागदावर "स्टोव फट गया" लिहून होतं,
सासरचे चहा प्यायला खाली जातात,
आणि रात्री तीनला, ओठ कापसानं ओले करताना,
ती बाई दुसरंच काही सांगते,
मग म्हणते, किसी से मत कहना, मोड़ी छोटी है.
कुठल्या शाखेत येतं हे, दुर्वा?
किती महिन्यांचं? लेखी असतं की तोंडी?

विचारलं नाही. घसा खाकरला नुसता.
ती माझ्याकडेच बघत होती.
"मॅडम को पता है," म्हणाली, आणि पुढची स्लाइड
बराच वेळ लावली नाही.

चार वाजता प्रमाणपत्र. तास सहा.
शेजवलकरचं शेजवाकर केलंय,
दुरुस्तीसाठी अर्ज, दोन फोटो, आधारची झेरॉक्स.
समोसा गार होता, तरी खाल्ला.

उरले सहा.
पुढच्या रविवारी वृद्धांची शुश्रूषा, दुसरा मजला.
जिना चढायचा म्हणजे
गुडघे अभ्यासाला आधीच बसतील.
आज मात्र नाईट आहे. सात नंबरला नवी आलीय.
तिला मोजता येतं का, बघायला हवं.