अजून नाही

फॉर्मवर तीन चौकोन: हो, कधीकधी, अजून नाही.
रेजाँ कोमो पेन असं धरतो
जसा पहाटे लॉबस्टरच्या नांग्यांवर रबर चढवताना
चिमटा धरतो,
सावध, जरा लांबूनच.
मेटेगनच्या या दवाखान्यात
त्याच्या बुटांचा डिझेलचा वास, ओल्या दोराचा.

‘तुमचं मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का?’
‘हो’वर खूण. खोडली.
‘कधीकधी’वर मग पेन फिरत राहतं
कागद पातळ होईपर्यंत.

झेली, चोवीस महिने, खाली बसलीय.
मी ठोकळे दिले, मनोरा रचशील म्हणून.
तिने रांग लावली,
धक्क्यावर पिंजरे मांडतात तशी.
एक तिरका झाला की पुन्हा पहिल्यापासून.
मी नावाने हाक मारली. परत मारली.
पलीकडच्या खोलीतला पंखा मात्र
तिला लगेच ऐकू आला.

"आई म्हणते, मीही तीन वर्षं मुकाच होतो,"
तो म्हणतो, माझ्याकडे न बघता.

हे वाक्य मला पाठ आहे.
याचंच जुळं भावंड अकरा वर्षांपूर्वी
मी लुसियाँच्या आईला दिलं होतं,
दारात, कोट चढवता चढवता:
मुलगे उशिराच बोलतात, थांबा थोडं.
ती थांबली. दोन हिवाळे.
परवा दुकानात दिसली. हसली,
लुसियाँची टोपी सरळ केली, काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून आज खुर्ची ओढून बसते.
"पाणी हवं असलं की काय करते झेली?"
"मनगट धरते माझं. नळापर्यंत नेते.
माझा हात नळावर ठेवते."
थांबतो.
"वर बघत नाही."
आणि स्वतःच तिसऱ्या चौकोनात
मुंगीएवढी खूण करतो.

सगळं ठीक होईल, असं मी म्हणत नाही.
आधी कान तपासू, म्हणते.
हॅलिफॅक्सला सात महिन्यांची रांग आहे, तेही सांगते.
बोलायला शिकवणारी बाई गुरुवारी इथेच येते,
तिच्या वहीत झेलीचं नाव मी आत्ताच लिहिते.
‘नाही’च्या आधी एक शब्द छापलाय, रेजाँ,
तो वाचलात का?

तो कागदाची घडी घालतो, पुन्हा उलगडतो.
झेली उठते. त्याचं मनगट धरते,
दारापर्यंत नेते, हात कडीवर ठेवते.

कडी फिरवण्याआधी
तो खाली बघत उभा राहतो,
ती वर बघेल का, तेवढा वेळ.