ट्रॅम्पोलिनची जागा

ट्रॅम्पोलिन पन्नास डॉलरला गेलं.
घेणाऱ्याची दोन पोरं ट्रेलरवर चढून
स्प्रिंगा मोजत बसली होती.
ते गेलं, आणि मागच्या अंगणात उरलं
एक गोल, पिवळं, टक्कल पडलेलं काहीतरी,
गरम पातेलं उचलल्यावर टेबलावर राहतं तसं.

फर्गस म्हणाला, सगळंच उकरू.
नवं लॉन करू. एका रंगाचं, एका उंचीचं.
नाताळात मुलं आली की अनवाणी हिंडतील.
मी म्हणाले, बटाटे.
तो म्हणाला, बटाटे दुकानात मिळतात.
मी म्हणाले, गवत तर फुकट उगवतं.
एकतीस वर्षांच्या संसारात
इतकं मुद्द्याचं आम्ही क्वचितच बोललो असू.

शेवटी दोरी ताणली,
कुंपणाच्या तिसऱ्या खांबापासून कपड्यांच्या तारेपर्यंत.
अलीकडे तो, पलीकडे मी.
तो गोल बरोबर मधोमध सापडला.
अर्धा त्याच्या वाट्याला, अर्धा माझ्या.

इन्व्हरकारगिलची माती ऑक्टोबरातही
कूस बदलायला तयार नसते.
फावडं मारलं की खालून पाणी डोळे उघडतं.
दक्षिणेचा वारा थेट बर्फावरून निघतो,
अडवायला वाटेत फक्त ब्लफचं टेकाड
आणि आमची पत्र्याची शेड.

खणताना एक डायनोसॉर निघाला, शेपटी नसलेला.
कपड्यांचे चिमटे, एकोणीस.
आणि दगड झालेला एक टेनिसचा चेंडू,
ज्याच्यावरून कॅलमने शेजारच्या पोराशी
अख्खा उन्हाळा अबोला धरला होता.
चोर म्हणाला होता त्याला.
चेंडू इथेच होता. दहा पावलांवर.
मी फर्गसला दाखवला.
त्याने तो बाहीला पुसला, खिशात टाकला,
आणि पाठमोरा होऊन खणत राहिला.

मेरेआना कुंपणावरून बघत होती.
तिने पिशवीभर उरेनिकाचं बियाणं दिलं,
जांभळे, बोटाएवढे, वाकडे बटाटे, तिच्या मावशीकडचे.
म्हणाली, चंद्र बघून लाव. अमावास्येला नको.
मग त्याच्या बाजूकडे हनुवटी करून,
ह्याला काय, चिमण्यांची पंगत घालायचीय?

घातलीच त्याने.
बी पडलं आणि चिमण्या उतरल्या, सहकुटुंब.
त्याने जुन्या सीड्या टांगल्या, जाळी अंथरली,
पहाटे गाऊन घालून टाळ्या वाजवत फिरला.
मी खिडकीत उभी,
मूग गिळून चहा पीत.

नोव्हेंबर संपता संपता हिरवं धरलं,
बाळाच्या टाळूवरच्या जावळाइतकंच.
माझ्या बटाट्यांना दोनदा भर घालून झाली होती.
वाल मात्र वाऱ्याने लोळवले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

मग ब्रिस्बेनहून आयोनाचा फोन.
तिकिटं फार महाग. सुट्टीचंही जमत नाही.
कॅलमचंही तेच, खाणीवर पाळ्या लागल्यात.
पुढच्या वर्षी नक्की.
हरकत नाही गं, फर्गस म्हणाला,
लॉनलाही तेवढाच वेळ मिळेल.

त्यानंतरच कधीतरी ते दिसलं.
त्याच्या हिरव्यात अर्धा गोल उमटला होता,
बाकीच्यापेक्षा गडद, दाट.
आणि दोरीच्या ह्या बाजूला त्याच वळणावर
माझे बटाटे इतरांहून वीतभर उंच.
खत सगळीकडे सारखंच टाकलेलं.
मेरेआना म्हणाली, एवढीच जमीन निवांत पडली होती ना,
पंधरा वर्षं.
वर दोन पोरं उड्या मारत होती
आणि खाली ती झोप काढत होती.

आता तो गवत कापतो, ते अर्ध्या गोलापाशी थांबतो.
विचारलं, तर म्हणाला, पातं बोथट झालंय.

नाताळच्या सकाळी मी दोघांपुरते बटाटे काढले,
पुदिना चिरला, लोणी काढून ठेवलं.
आत कपडे धुवायच्या यंत्रात
त्याची खणायची विजार फिरत होती.
धप. धप. धप.
खिसे तपासायचे राहिले होते.
बंद करायला गेले,
आणि तशीच उभी राहिले, हाताला माती,
यंत्र आपणहून थांबेपर्यंत.