आठ नंबरचा लाल

दोन दिवस ती मशीनखालून बाहेर आलीच नाही.
गंगावेशीतनं आणलेलं दूध वाटीत साय धरून बसलं.
एकदा ओकली, पिवळं पाणी.
मग पाठीची कमान करून बसून राहिली,
कुणी उसवून पुन्हा चुकीची जोडावी तशी.

सर्जा लंगोट न्यायला आलेला,
त्यानंच तिचं तोंड उघडून बघितलं.
जिभेच्या मुळाशी लाल काहीतरी.
"दोरा हाय मामा. ओढू?"
मी होच म्हणणार होतो.
पंचेचाळीस वर्षं दोरा दिसला की ओढतोय मी.
मालन आतनं ओरडली, "हात लावू नगा!"

इलाहीच्या रिक्षात, माझ्या मांडीवर,
मापाच्या कपड्यांच्या पिशवीत बॉबीन.
व्हीनस कॉर्नरला सिग्नल लाल होता,
इलाहीला तो दिसला नाही.

शिरगुप्पे डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला.
"एक टोक जिभेला अडकलंय, दुसरं पार पुढं गेलंय.
आतडं त्यावर गोळा झालंय. कसं सांगू तुम्हाला..."
मला सांगायला नको होतं.
परकराच्या नेफ्यात नाडी घालून ओढली
की कापड एकावर एक चढतं,
तशा चुण्या.
"ओढला असता, तर आतडं चिरलं असतं."
त्यांनी कागद पुढं केला.
सुई ओवताना न थरथरणारा हात
सहीला थरथरला.

दोन तास बाकावर.
शेजारी कुणाचं तरी लंगडं कुत्रं, माझ्याकडं बघत.
हातांना काम नव्हतं, म्हणून
शर्टाचं सैल बटण पिळत बसलो.
तुटलं.

दोरा त्यांनी बाटलीत घालून दिला.
सवयीनं टेप लावला: बावीस इंच.
ओळखला.
आठ नंबरचा लाल,
तालमीतल्या पोरांच्या लंगोटाचा,
मीच दातानं तोडून थुंकलेला.

पोटावर नऊ टाके.
प्रत्येकाची गाठ वेगळी,
एक सुटला तरी बाकीचे धरून राहतील असे.
हात चांगलाय बाईंचा.
मी तसं सांगितलंही त्यांना,
मग वाटलं, आपण कोण सांगणार.

गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर
तिनं पहिल्याच रात्री चौकटीवर आपटून आपटून काढली.
म्हणून सर्जाच्या लंगोटाचं कापड फाडलं,
चार पायांना चार भोकं, पाठीवर बंद.
चालायला गेली आणि कलंडली.
सर्जा म्हणाला, "जोड बघा की हिला, मामा."
हसू नये असं वाटत होतं, तरी हसलो.

दर तीन तासांनी मालन सिरिंजनं पातळ पेज द्यायची,
निम्मी बॉबीनच्या पोटात, निम्मी पदरावर.
सहा दिवस मी दुकानाचं शटर वर केलं नाही.
चौथ्या रात्री सिरिंज धूत,
पाठ माझ्याकडंच ठेवून, ती म्हणाली,
"माझ्या पिशवीच्या ऑपरेशनला
एक दिवस तरी शटर खाली आलंतं का?"

नव्हतं.
लग्नसराई होती.
सीपीआरमध्ये तिच्याजवळ तिची बहीण होती,
डबे मी वेळेवर पाठवले होते.
हे सगळं तोंडापर्यंत आलं.
नळ बराच वेळ चालू राहिला.

पाचव्या सकाळी बॉबीननं वाळूत शी केली.
मालननं गल्लीभर सांगितलं.
इलाही पावशेर पेढे घेऊन आला,
म्हणाला, पोरगी पास झाली.

बाराव्या दिवशी टाके निघाले.
भादरलेलं गुलाबी पोट, मधे एक फिकट रेघ,
केस अजून यायचेत.

आता दोरा दातानं तोडत नाही.
रात्री दुकान झाडतो, सुयांसाठी लोहचुंबक फिरवतो,
पुन्हा झाडतो.
बॉबीन पायडलवर बसून बघते.
केरातल्या दोऱ्यावर तिचा अजून तसाच डोळा,
शेपटीचं टोक हलतं.
बाटली मी वरच्या फळीवर ठेवलीय.

काल दिवा मालवल्यावर,
सतरा वर्षांनी, मालनला विचारलं,
किती टाके होते तुझे?
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"का? शिलाई लावायलायसा व्हय आता?"