कुपन क्रमांक एकवीस

पहाटे चारला शालिमारला गठ्ठे उतरतात.
आम्ही पेपर वाचत नाही, भरतो.
अंकात पुरवणी, पुरवणीत फ्लॅटचा चकचकीत कागद,
त्यात क्लासचं पत्रक.
सव्वीस वर्षं माझी लाईन अशोकनगर, श्रमिकनगर,
पाण्याच्या टाकीमागच्या तीन गल्ल्या.
साबणानं जात नाही ती शाई.

त्या महिन्यात योजना होती.
तीस कुपनं कापा, तक्त्यावर चिकटवा,
हमखास भेट कॅसरोल.
माझी बेचाळीस घरं वाढली.
सोजराबाईंना अक्षर येत नाही, त्याही म्हणाल्या,
टाक रे बाबा एक, कात्री आहे घरात.

एकविसाव्या दिवशी पहिलं पान
सगळंच्या सगळं एका कंपनीचं.
तिला पंचवीस वर्षं झाली होती.
सोनेरी अक्षरं, साहेब, साहेबांची आई, समई,
आणि खाली: आमची माणसं हीच आमची ताकद.

त्याच कंपनीत परवा रात्री
टाकी धुवायला उतरलेला तुषार खैरनार
वर आला नाही.
कंत्राटी. चोविसावं चालू.
त्याच्या दारात पेपर मीच टाकतो,
डावीकडचं तिसरं घर, बाहेर तुळशीऐवजी कोरफड.

पान सात. तळाला. साडेचार ओळी.
"एका खासगी कंपनीत".
"तुषार खैरे (३२)".
"चक्कर आल्याने".

पान एकवर जिचं नाव वीतभर,
पान सातला पोचेस्तोवर ती "एका" झाली.
दोन अक्षरांत अख्खी शेड मावते,
चिमणीसकट.

आणि पान आठवर, बरोब्बर त्या ओळींच्या पाठीला,
कुपन क्रमांक एकवीस.

त्या दिवशी घरोघर कात्र्या चालल्या.
तुषारच्या साडेचार ओळी
ठिपक्याठिपक्यांवरून नीट कापल्या लोकांनी,
खळ लावली,
आणि पालथ्या चिकटवल्या.
माझ्याही घरी. मीच दाबून बसवलं अंगठ्यानं.

त्याच्या आईच्या तक्त्यावर वीस होती.
एकविसावा चौकोन तसाच.

हे आधी दिसलं त्याच्या बहिणीला, पौर्णिमाला.
तेराव्यानंतर ती परात घेऊन गल्लीत बसली.
कोमट पाणी, चिमटीनं सोडवायचं,
उलटवायचं, पुन्हा खळ.
पहिल्या दिवशी दोघी आल्या. मग अकरा.
कुणी म्हणालं, कॅसरोल जाईल.
गेला तर गेला, असं कुणीच म्हणालं नाही,
पण परातीत हात घातले.
खैरेचं खैरनार पेनानं केलं. बत्तीसचं तेवीस.
"एका"वर काट मारून कंपनीचं नाव लिहिलं,
पहिल्या पानावरून बघून, शुद्धलेखन चुकू नये म्हणून.

कॅनडा कॉर्नरला पेपरच्या ऑफिसबाहेर रांग लागली.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
ताई, हे कुपन उलटं आहे.
पौर्णिमा म्हणाली, उलटं होतं.

संपादक मीटिंगमध्ये होते. तासभर होते.
खाली टपरीवर एक वार्ताहर चहा ढवळत मला म्हणाला,
काका, मी सतरा ओळी दिल्या होत्या.
मी म्हटलं, बाकीच्या कुठंयत?
तो ढवळतच राहिला.
सोजराबाईंनी कॅसरोल घेतला.
मी त्यांना काही बोललो नाही. त्यांची नात डबा नेते शाळेत.

दुसऱ्या दिवशी पान तीनवर फोटो, चार रंगांत.
रांग. हातात तक्ते. पौर्णिमा अर्धी कापलेली.
खाली ओळ: योजनेला सातपूरच्या महिलांचा उदंड प्रतिसाद.

हेही मीच वाटलं. बेचाळीस नवी घरं धरून.

आज पहाटे शालिमारला
अंकात पुरवणी घातली, पुरवणीत फ्लॅट,
फ्लॅटमध्ये क्लास.
मग पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला,
पौर्णिमाचं अक्षर, अर्धं पान, सतराच्या वर ओळी.
शेजारचा भगीरथ म्हणाला, हे कुणाचं?
याचे किती देतात पानामागं?

मी घालत राहिलो.
घालायची सवय आहे हाताला.