सहा सपाट चमचे

डुलूथमध्ये पहाटेचे तीन.
रस्ता बर्फाखाली गडप, दवाखाना टेकडीपलीकडे.
फोनवरची नर्स म्हणाली, चमच्याचमच्यानं पाजत राहा.

लिटरभर पाणी. साखर सहा चमचे, सपाट.
मीठ अर्धा, सुरीच्या पात्यानं सारखा केलेला.
निहार दोन वर्षांचा. रडतोय,
पण डोळे कोरडे ठणठणीत.

मी पाच वर्षं आतड्याच्या भिंतीवर काम केलंय, उंदरांच्या.
मला ते दार माहीत आहे :
साखर एकटी आली तर ढिम्म हलत नाही,
मीठ हाताशी धरून आली की कूस बदलतं,
बाहेरून मिटतं, आत उघडतं,
आणि पाणी, न बोलावता, मागोमाग.

मागच्या दारी पंप.
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
दर खेपेला पदरचं मोडून.
तो थांबला तर पुढचं दार नुसती भिंत.

एवढं सगळं माहीत असून
पहिला चमचा तो माझ्या अंगावर ओकला.
दहा मिनिटं थांबलो. पुन्हा चमचा.
खालच्या मिसेस लिंडक्विस्ट झग्यावरच वर आल्या,
काही न विचारता घड्याळ घेऊन बसल्या.
दर दोन मिनिटांनी नुसतं बोट वर.

सव्वासहाला डायपर जड लागला.
सातला चमचा पुढे केला
तर तो उडवून लावत त्यानं भोकाड पसरलं
आणि गालावरून ओघळला एक,
खराखुरा.
मी जिभेनं टिपला.

खारट.