हातांचा वास

सेर्रालुंगाच्या उतारावर आज रस्ता नव्याने डांबरतायत.
खिडकी लावून घ्यायची सोडून
तेर्सिल्ला ती सताड उघडते
आणि तळघराच्या बावीस पायऱ्या
गुडघ्याला शिव्या घालत उतरते.

अठ्ठ्याहत्तर सालची एकच उरलीय.
लेबल बुरशीने खाल्लेलं,
'बारो' एवढंच वाचता येतं,
पुढचं ज्याचं त्याने म्हणावं.

त्या साली मोहोर गळाला होता.
जे चार घड राहिले ते ऑक्टोबर सरेपर्यंत
धुक्यात लोंबत होते.
नेब्बिया म्हणजे धुकं, त्यावरून नेब्बिओलो,
असं इथले म्हातारे सांगतात.
शाळामास्तर नाही म्हणतात.
त्यांना कोण विचारतं.

एवाझिओ उन्हाळाभर आल्बाच्या रस्त्यावर डांबर ओतायचा,
हिवाळ्यात मालकाच्या तळघरात पिंपं घासायचा.
मजुरी थकली तेव्हा मालकाने सहा बाटल्या दिल्या.
"एवढ्यात उघडू नकोस," म्हणाला, "चावेल."
एवाझिओने त्याच रात्री एक उघडली.
चावली.
हिरडा चघळावा तशी जीभ टाळ्याला चिकटली,
हिरड्या आवळून आल्या.
"ही वाईन आहे की सासू?" तो ओरडला,
आणि सासू समोरच बसली होती, पेला पुढे करून.

उरलेल्या पाच वाळूत आडव्या झाल्या.

आता गावात चाखणारे येतात, दूरदूरचे.
पेला गरगरा फिरवतात, नाक खुपसतात,
वहीत लिहितात: गुलाब. डांबर.
राजेशाही, असंही लिहितात.
तेर्सिल्लाला हसू आवरत नाही.
तिने ते डांबर राखेच्या पाण्यात भिजत घातलंय,
दगडावर आपटलंय, उन्हात वाळवलंय,
आणि रात्री त्याच सदऱ्यावर डोकं टेकलंय.
आणि गुलाब म्हणाल,
तर इथे वेलींच्या रांगेच्या टोकाला ते लावतात
कौतुकाने नव्हे:
भुरी आधी त्यांच्यावर पडते, माणूस सावध होतो.
एवाझिओ तिच्यासाठी भुरी पडलेलेच तोडून आणायचा.
चांगले कामावर आहेत, म्हणायचा.

बूच निम्म्यात तुटतं. ती चमच्याच्या दांड्याने आत ढकलते,
फडक्यातून गाळते.
रंग पाहून नवखे हिरमुसतात,
एवढ्या पैशात एवढा फिका?
कडेला जुन्या विटेचा रंग,
पेल्याआडून वर्तमानपत्राचं मरणाचं पान वाचता येतं.
पहिला वास बंद कपाटाचा.
ती घाई करत नाही.
घेवड्याच्या शेंगा सोलत बसते,
कपाटाला आपोआप दार फुटेपर्यंत.

बाराला रोलर थांबतो.
सावलीला एक पोरगा, ब्लागोया,
मॅसेडोनियातल्या स्त्रुमित्साचा,
पाव सोलायच्या शेंगेसारखा उकलून बसलाय.
"वर ये," ती खिडकीतून म्हणते.
तो बूट दाराबाहेर काढतो,
हात पँटला तीनदा पुसतो,
पेला दोन्ही हातांनी धरतो, औषधासारखा.
हुंगतो.
कानापर्यंत लाल होतो,
पेला हळूच टेबलावर ठेवतो.

"माफ करा, सिन्योरा. माझ्या हातांचा वास येतोय."

तेर्सिल्ला काही बोलत नाही.
शेंगांचा वाडगा उगीच इकडचा तिकडे करते.
मग म्हणते, "नाही रे. परत बघ."

तो परत बघतो. या वेळी जास्त वेळ.
"आणखी काहीतरी आहे," म्हणतो, "सुकलेलं.
फुलासारखं. पण आजारी."

खालून मुकादम हाका मारतोय.
ब्लागोया एक घोट घेतो,
त्याचं सगळं तोंड सुरकुततं, डोळे मिटतात,
तळहात टेबलाची कड शोधतो.
बराच वेळ गिळत राहतो.

मग पेला पुढे करतो.