अस्तर

हात वर कर म्हणते, आणि तू करत नाहीस.
असू दे. तुझा डावा खांदा सैल झालाय
सुझुनाच्या आजोबांनी आतलं रबर बदललं तेव्हापासून.
मासळीच्या दुकानातलं रबर ते,
खेकड्यांच्या नांग्या बांधायचं.
तुला वास येत नाही हे एक बरं.

मिनेयामात आज धड पाऊस नाही, धड बर्फ नाही.
आमच्याकडे म्हणतात, डबा विसरलास तरी चालेल,
छत्री विसरू नकोस.
तू कुठे जाणार म्हणा.

स्टोव्हवर किटली. मांडीशी बिस्किटांचा डबा,
त्यात चिंध्या.
ही जांभळी, तळहाताएवढी, हिदेयोच्या लग्नाची;
लग्न मोडलं, कापड टिकलं.
ही किरमिजी पट्टी, करंगळीइतकी अरुंद,
हिची गळपट्टीच व्हायची, दुसरं काही नाही.
हिच्यावर चहाचा डाग. डाग मी काखेत घालते.
बाहुलीच्या काखेत कोण बघतंय.

मोठ्या किमोनोवरचा सारस तुझ्या अंगात मावत नाही.
अख्खा घ्यायला जावं तर पाठभर नुसता पंख,
आणि चोच कुठेतरी शिवणीत गुदमरलेली.
म्हणून मी कागदाला तुझ्या पाठीएवढं भोक पाडते
आणि ते कापडावरून सरकवत बसते,
बसच्या खिडकीतून गाव बघावं तसं.
कधी एक पाकळी येते.
कधी दीड लाट.
दीड पुरते. समुद्र आहे एवढं कळतं.

एकोणचाळीस वर्षं मागावर काढली मी.
पीळ दिलेलं रेशीम विणायचं,
मग कढत पाण्यात सोडायचं,
की ते अंग चोरतं, सुरकुततं,
आणि त्या सुरकुत्यांचेच पैसे मिळायचे.
माग एकदा खटकला की दहा हजार येन,
असं लोक म्हणत. माझ्या हाती खटकाच आला.
डावा कान त्यातच गेला,
तेव्हा बोलायचं झालं तर उजवीकडून बोल.

आज सकाळी शोइचींची हाओरी उसवली.
किमोनोवरचा काळा डगला, बाहेरून कोळशासारखा मुका,
त्यांच्यासारखाच.
बस चालवायचे, थांब्यांच्या नावांपलीकडे
फारसं बोलले नाहीत कधी.
पण आतल्या अस्तरावर, पाठभर,
उताणा पडलेला कोल्हा,
साके पिऊन झिंगलेला,
चंद्राला चारी पाय दाखवणारा.
कुठल्या दुकानातून आणली, सांगितलं नाही. नुसते हसले होते.

मी बजावून ठेवलं होतं,
चारचौघांत काढायची नाही.
पुतणीच्या लग्नात, ऑगस्टात,
सगळे पुरुष हाओऱ्या काढून पंख्याखाली बसले,
आणि हे तसेच, बंद गाठीत,
मानेवरून घाम ओघळतोय,
माझ्याकडे बघत, काढू का, असं डोळ्यांनी विचारत.
मी मान हलवली होती. नाही.

कात्री दुपारपर्यंत हातात होती.
कागदाच्या भोकात कोल्हा काही मावेना.
डोकं घ्यावं तर चंद्र जातो,
चंद्र घ्यावा तर पोट.
शेवटी एक पाय घेतला, मागचा,
आणि चंद्राची कड, नखाएवढी.

हेम घालताना सुई मोडली.
बाजूला ठेवलीय. फेब्रुवारीत टोफूत टोचून
देवळात नेईन, बाकीच्यांबरोबर.
कडक कापडात राबली बिचारी,
शेवटी तरी मऊ काही मिळू दे.

हं, आता घाल. उजवा हात आधी.
डावा मी धरते.
बाहेरून काळी आहे, सुझुना नाक मुरडेल,
तिला गुलाबी हवी होती.
तिला आत बघायला सांग.

आणि ऐक, उकडलं तर काढ.
पाहुणे असले तरी काढ.

थांब, खांदा पुन्हा निसटला.
खेकड्याचं रबर ते, किती दिवस धरणार.